पहिल्यांदा रक्त देताना: टॅटू, भोवळ आणि पाण्याची बाटली

प्रश्न असा आला आहे: "मी १९ वर्षांची आहे, वजन ५२ किलो. येत्या शनिवारी कॉलेजात रक्तदान शिबिर आहे आणि आमचा अख्खा ग्रुप रक्त देणार आहे. मी आजवर कधी दिलेलं नाही. सुईची भीती वाटते. शाळेत लस घेतली तेव्हा चक्कर येऊन खाली बसले होते. आई म्हणते, मुलींच्या अंगात आधीच रक्त कमी, देऊ नकोस. रक्त दिल्यावर खरंच अशक्तपणा येतो का? किती दुखतं? काय तयारी करून जावं? (दोन महिन्यांपूर्वी मनगटावर छोटासा टॅटू काढलाय, त्याने काही फरक पडत नसेल ना?)"

कंसातल्या प्रश्नापासून सुरुवात करते. तू तो सगळ्यात शेवटी आणि जाता जाता विचारला आहेस, पण शनिवारचा निकाल त्यावरच लागतो.

फरक पडतो. टॅटूची सुई कातडीच्या आत जाते. ती तुझ्यासाठी नवी काढली होती का, शाई ज्या वाटीत ओतली ती आधी कुणासाठी वापरली होती का, हे तुलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. हेपटायटिस बी आणि सी या काविळीच्या विषाणूंना एवढी वाट पुरते. विषाणू अंगात शिरला म्हणजे दुसऱ्या दिवशी तो चाचणीत दिसतो असंही नाही. अगदी चांगल्या चाचणीलाही संसर्गानंतरचे सुरुवातीचे काही दिवस काहीच सापडत नाही, साध्या चाचण्यांना तर त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. या आंधळ्या काळाला आम्ही 'विंडो पीरियड' म्हणतो. या काळात दिलेलं रक्त चाचणीत स्वच्छ दिसतं आणि घेणाऱ्याला आजार देऊन जातं. म्हणून टॅटू किंवा कान-नाक टोचल्यानंतर थांबायला सांगतात. किती, ते ठिकाणागणिक बदलतं. कुठे तीन-चार महिने, कुठे पूर्ण वर्ष. दोन महिने मात्र बहुतेक ठिकाणी कमीच पडतील.

म्हणजे येत्या शनिवारी तू बहुधा रक्त देणार नाहीस. हे वाचून हायसं वाटलं असेल तर खुशाल वाटू दे. मी २२ वर्षं रक्तपेढीत काम करते. दारावरून परत पाठवलेल्या कितीतरी पोरांच्या चेहऱ्यावर तो सुटकेचा भाव पाहिला आहे, आणि त्यातलीच काही पुढे नेमाने येणारी झाली. हिरमोड झाला असेल, तरी पुढचं वाच. तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं दिवस आला की लागणारच आहेत, आणि तयारीला आता भरपूर वेळ मिळाला आहे.

फक्त एक कर. टॅटू घड्याळाखाली झाकून अर्जावर 'नाही' अशी खूण करायचा मोह टाळ. तो मोह कुठून येतो ते मला माहीत आहे. शिबिरात अर्ज भरतात तो बाकावर, चार मैत्रिणींच्या घोळक्यात. प्रश्न असतात कावीळ झाली होती का, कुठली औषधं चालू आहेत, शरीरसंबंध कुणाशी आणि किती जणांशी आले, नशेसाठी कधी सुई टोचून घेतली का. शेजारची खांद्यावरून वाचत असताना खरं उत्तर कोण लिहिणार? म्हणून अर्ज हातात आला की सरळ कोपऱ्यात जाऊन बसायचं. त्यानंतर डॉक्टर एकेकाला आत घेऊन बोलतात, तिथे मनातलं सगळं सांगता येतं. तिथे सांगितलेलं तिथेच राहतं. 'मला आज द्यायचं नाहीये, पण मित्रांना सांगायची लाज वाटते' एवढं म्हटलंस तरी आम्ही बाहेर 'हिमोग्लोबिन कमी आहे' असं सांगून सोडतो. हे खोटं मी दर शिबिरात एक-दोनदा तरी बोलते आणि मला त्याचं काही वाटत नाही.

औषधांचा प्रश्न तुझ्या वयाच्या मुलांना किरकोळ वाटतो, म्हणून एक प्रसंग सांगते. एका शिबिरानंतर संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एका मुलाचा फोन आला. आवाज एवढासा. "मॅडम, तोंडावरच्या मुरुमांसाठी गोळी चालू आहे, ती लिहायची राहिली. काही होतं का?" गोळीचं नाव विचारलं, तर आयसोट्रेटिनॉइन. ही गोळी पोटातल्या बाळाला फार वाईट. बाळात व्यंग निर्माण करते. ती रक्तात असताना दिलेली बॅग एखाद्या गरोदर बाईला चढली तर काय होईल याचा विचार करून, गोळी बंद झाल्यावर निदान महिनाभर तरी रक्त घेत नाहीत. बॅगेवर नाव नसतं, नंबर असतो. त्या नंबरावरून आम्ही ती बॅग शोधली आणि बाजूला काढली. चाचणीत ही गोष्ट कधीच सापडली नसती. त्या मुलाला मी मनापासून धन्यवाद दिले आणि दोन महिन्यांनी यायला सांगितलं. घरी गेल्यावर काही आठवलं, दुसऱ्या दिवशी ताप आला, तरी फोन करावा. शिबिरात दिलेल्या कागदावर नंबर असतो.

याच ओघात आणखी एक. स्वतःची एचआयव्ही चाचणी फुकटात होते म्हणून कुणी रक्त द्यायला येऊ नये. शंका असेल तर चाचणी केंद्रात जावं. शंका असताना दिलेलं रक्त नेमकं त्या आंधळ्या काळातलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आता सुई.

सुई जाड असते, हे लपवण्यात अर्थ नाही. साधारण १६ गेजची, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरहून थोडी जास्त जाडीची. रक्त तपासायला काढतात त्या सुईपेक्षा स्पष्ट दिसेल इतकी जाड. बॅग पाच ते दहा मिनिटांत भरायला हवी म्हणून ती तशी ठेवलेली आहे. धार बारीक झाली की वाटेत रक्त गोठायला लागतं, आणि फार रेंगाळलेल्या बॅगेतून प्लेटलेट्स नीट मिळत नाहीत. टोचताना एक सणक जाते, आपणच आपल्याला कोपराच्या आत जोरात चिमटा काढल्यासारखी. तीन-चार सेकंद. मग नुसता एक दाब जाणवत राहतो. त्यानंतरही दुखत राहिलं, आग होत राहिली, किंवा बोटांपर्यंत झिणझिण्या आल्या, तर मुकाट सोसायचं नाही. सुई मज्जातंतूच्या जवळ गेलेली असू शकते. "सिस्टर, करंट मारल्यासारखं होतंय" एवढं म्हटलं की सुई लगेच काढतात, आणि काढायलाच हवी.

माझ्या शिकाऊ दिवसांत मी एका मुलाची शीर शोधताना सुई आत ठेवून दोनदा फिरवली. तो दात दाबून बसून राहिला, एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी हात कोपरापासून मनगटापर्यंत जांभळा. चूक माझी होती. पण त्याने तेव्हाच हूं केलं असतं तर मी तिथेच थांबले असते. म्हणून आता मी टोचण्याआधीच सांगते की माझ्यासमोर शूरपणा दाखवायचा नाही.

बघायचं नसेल तर बघू नकोस. जेम्स हॅरिसन नावाचे एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ होते. चौदाव्या वर्षी छातीचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना बरंच रक्त चढवावं लागलं, ते फेडायचं म्हणून अठरा पूर्ण होताच १९५४ मध्ये त्यांनी द्यायला सुरुवात केली. २०१८ मध्ये ८१ व्या वर्षी थांबले तोवर १,१७३ वेळा रक्त किंवा प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग) दिला होता. त्यांच्या प्लाझ्मात एक दुर्मिळ प्रतिपिंड होतं, आरएच निगेटिव्ह आयांच्या बाळांना वाचवणारं अँटी-डी इंजेक्शन त्यापासून तयार होत असे. आणि या माणसाने सुई आत जाताना एकदाही पाहिलं नाही. दर वेळी तोंड फिरवून छताकडे किंवा सिस्टरकडे बघत असे. सुईची भीती आयुष्यभर गेली नाही. तेव्हा 'आधी भीती घालवते, मग देते' असं ठरवून बसू नकोस.

तुझ्या पत्रातली मला खरी दखल घ्यावीशी वाटली ती गोष्ट वेगळी आहे: लस घेताना आलेली चक्कर. लशीत रक्त जात नाही, थेंबभर औषध आत येतं, तरी तू खाली बसलीस. म्हणजे ती चक्कर रक्त कमी झाल्याची नव्हती. ते काय असतं ते जरा खोलात सांगते, कारण पहिल्या खेपेला होणारी जवळजवळ सगळी फजिती याच एका गोष्टीतून होते.

भीती, वेदना किंवा अचानक कमी झालेलं रक्त यांमुळे काही जणांच्या शरीरात एक उलटी प्रतिक्रिया उमटते. व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाला लगाम घालते, नाडी मंदावते. त्याच वेळी पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त खाली साठतं. मेंदूपर्यंत पोचणारा पुरवठा काही सेकंदांसाठी तोकडा पडतो. माणूस आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे येतं आणि दोन-तीन मिनिटांत तो ठीक होतो. म्हणजे भोवळ स्वतः सहसा निरुपद्रवी. इजा होते ती पडण्याने. तरुण, पहिल्यांदा देणारे, कमी वजनाचे आणि बायका यांच्यात ती जास्त दिसते. तुझ्यात या चारही गोष्टी आहेत, वर आधीचा अनुभवही. घाबरवत नाहीये, तू आधीच सांगितलंस तर आम्ही तुला खुर्चीत न बसवता पहिल्यापासून आडवं करतो आणि एक माणूस शेजारी ठेवतो. (पीळदार दंडांची पोरं अशी मोकळी बोलत नाहीत, म्हणून तीच जास्त वेळा जमिनीवर सापडतात.)

माझी स्वतःची गोष्ट ऐक. अठरा पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. आदल्या रात्री जागून अभ्यास केलेला, सकाळपासून पोटात काही नाही, आणि मनात एकच धास्ती, सुई. सुई टोचली, फारसं दुखलं नाही, बॅग भरली. मला वाटलं, सुटले! पुढे केलेलं खाणं नको म्हणाले आणि तडक उठून चालू पडले. दारापर्यंत गेलेलं आठवतं. त्यानंतर आठवतो तो गालाला लागलेला फरशीचा गारवा आणि वरून वाकून बघणारे चार चेहरे. हनुवटीला तीन टाके पडले. तो व्रण अजून आहे, आणि उठायची घाई करणाऱ्या पोरांना मी तो दाखवते. ज्या सुईला इतकी घाबरले होते तिने काहीच केलं नव्हतं. मला आडवं केलं ते रिकाम्या पोटाने, अपुऱ्या झोपेने आणि माझ्या घाईने.

त्यामुळे तयारी या तीन गोष्टींची करायची. आदल्या रात्री सात-आठ तास झोप. दोन-तीन तास आधी नीट जेवण; रोज खातेस तेच, फार तेलकट नको, उपाशी तर अजिबात नको. आणि पाणी. दिवसभर पीतच राहायचं, पण सुई टोचण्याआधीच्या अर्ध्या तासात साधारण अर्धा लिटर पाणी एका दमात प्यायलं तर भोवळीचं प्रमाण कमी होतं, हे तपासून पाहिलेलं आहे. एवढं पाणी पोटात गेलं की शरीर रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्तदाब थोडा वर धरून ठेवतं. सोबत काहीतरी खारं खाल्लं तर उत्तमच.

दुसरी युक्ती सुई आत असतानाची. पायांची एकमेकांवर अढी घालायची आणि मांड्या व कुल्ल्यांचे स्नायू पाच सेकंद घट्ट आवळायचे, मग सैल सोडायचे, पुन्हा आवळायचे. श्वास रोखायचा नाही. पायात साठलेलं रक्त यामुळे वर ढकललं जातं. पलंगावरून उठून बसण्याआधी आणि उभं राहण्याआधी हेच पुन्हा करायचं. बाहेरून कुणाला कळतही नाही.

भोवळ सांगून येते, फक्त तिची भाषा ओळखता आली पाहिजे. सुरुवात बहुधा जांभईने होते. एकामागून एक जांभया, मग कपाळावर गार घाम, ओठ पांढरे, मळमळ, कानात गुणगुण, आवाज लांबून आल्यासारखे. डोळ्यांपुढे अंधारी येते ती शेवटी. पहिल्या दोन जांभयांनाच "मला कसंतरी होतंय" म्हणायचं. आम्ही डोकं खाली करतो, पाय वर उचलतो, लागलं तर सुई काढतो. शिबिर संपलं आणि बसमध्ये किंवा जिन्यात असताना असं वाटलं, तर तिथेच बसायचं, जमलं तर आडवं व्हायचं. कपडे मळतील, लोक बघतील, असू दे.

आईच्या प्रश्नाकडे येते. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्यात अर्धं तथ्य आहे.

आधी रक्ताचा हिशेब. बाईच्या शरीरात किलोमागे साधारण ६५ मिलिलिटर रक्त धरतात. तुझ्या ५२ किलोंना ते सव्वातीन-साडेतीन लिटर होतं. बॅग ३५० किंवा ४५० मिलिलिटरची असते. म्हणजे तुझ्याकडून जाईल ते दहा ते तेरा टक्के. शरीर सहज सोसतं त्याची मर्यादा तेरा टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि वजनाची अट त्यातूनच आली आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ३५० साठी निदान ४५ किलो, ४५० साठी निदान ५० किलो. तू बसतेस, पण काठावर. निवड असेल तर पहिल्या खेपेला लहान बॅग माग. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं.

गेलेल्यातला पाण्याचा भाग दिवस-दोन दिवसांत भरून निघतो. तांबड्या पेशी पुन्हा पहिल्याइतक्या व्हायला चार ते आठ आठवडे लागतात. बहुतेकांना त्या काळात काही जाणवत नाही. खेळाडूंना दम थोडा लवकर लागतो, म्हणून सामन्याच्या तोंडावर रक्त देऊ नये. पहिला दिवस थोडं गळून गेल्यासारखं वाटू शकतं. आठवडाभर अंथरूण धरलं असं कुणी सांगितलं तर कारण दुसरं काही असतं, ते तपासून घ्यावं.

आईचं तथ्य आहे ते लोहाच्या बाबतीत. ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. शरीर जेवणातून रोज शोषतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. हिशेब तूच मांड. पुरुषाच्या साठ्यात याची सोय असते. दरमहा पाळी येणाऱ्या मुलीचा साठा मुळातच उणा असतो, त्यात अंग भरायचं वय. हिमोग्लोबिन चांगलं दिसत असतानाही हा साठा खाली गेलेला असू शकतो, कारण शरीर आधी साठा मोडतं आणि मगच हिमोग्लोबिनला हात लावतं. त्यामुळे दोन रक्तदानांमध्ये ठरवून दिलेलं अंतर, जे कुठे आठ आठवडे तर कुठे बायकांसाठी चार महिने असतं, ते कमीत कमी समजायचं. वर्षातून एकदा-दोनदा दिलंस तरी पुष्कळ झालं. पाळीत जास्त रक्त जात असेल, थकवा असेल, केस गळत असतील, तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (यावरून लोहाचा साठा कळतो) तपासून घे. लागल्या तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्या. डाळी, पालेभाज्या, अंडी, मांस जे खातेस ते खा. जेवणाला लागून चहा-कॉफी मात्र टाळ, ती लोह शोषू देत नाही. पाळी चालू असताना द्यावं का, याला काही ठिकाणी हरकत नसते, काही ठिकाणी ते दिवस संपल्यावर यायला सांगतात. विचारायला लाजायचं कारण नाही; आम्हाला रोज पाच जणी विचारतात.

आईला न्यायचं असेल तर हिमोग्लोबिन तपासतात त्या टेबलाशी ने. आता पुष्कळ ठिकाणी छोटं यंत्र आलं आहे, पण जुनी पद्धत बघण्यासारखी असते. मोरचुदाचं निळंशार पाणी काचेच्या भांड्यात घेतात, त्याची घनता मोजून १.०५३ ठेवलेली असते. बोटाच्या टोकाला टोचून काढलेला एक थेंब त्यात वरून सोडतात. थेंब क्षणभर पृष्ठभागाखाली अडखळतो. पंधरा सेकंदांच्या आत खाली गेला, तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून वर. तरंगत राहिला, वर आला, तर कमी. पुष्कळ ठिकाणी हीच १२.५ ची रेघ आहे, काही ठिकाणी बायकांना १२ आणि पुरुषांना १३. हे बोटाला टोचणं, माझ्या मते, हातातल्या मोठ्या सुईपेक्षा जास्त झोंबतं. तरण्याताठ्या मुलींना परत पाठवायचं सगळ्यात नेहमीचं कारण हा तरंगणारा थेंब. तसं झालं तर तो नकार घेऊन डॉक्टरांकडे जायचं. फुकटात हातात आलेली माहिती आहे ती.

बाकी पायऱ्या लवकर सांगते. वजन, रक्तदाब, नाडी, ताप. कोपराच्या आतली जागा अर्धा मिनिट चोळून पुसतात, त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही. सुरुवातीचं थोडं रक्त एका छोट्या वेगळ्या पिशवीत जातं: कातडीवरचे जंतू मोठ्या बॅगेत जाऊ नयेत म्हणून, आणि चाचण्यांचे नमुनेही त्यातूनच निघतात. मोठी बॅग एका हलत्या पाळण्यावर ठेवलेली असते, आत रक्त गोठू न देणारं सायट्रेटचं द्रावण असतं. हातात चेंडू देतात तो हळू दाबत राहायचं. सगळं सामान सीलबंद आणि एकदाच वापरायचं असतं, रक्त देण्याने कुठला आजार लागत नाही. हवं असेल तर पाकीट समोर फोडायला सांग, कुणी रागावणार नाही.

सुई निघाल्यावर सगळे हमखास एक चूक करतात: कापूस ठेवून कोपर दुमडतात. दुमडलेल्या हातात दाब नीट बसत नाही आणि उघडला की शिरेवरची खपली निघते, मग आत रक्त पसरून निळं पडतं. हात सरळ ठेवायचा, थोडा वर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पाच मिनिटं दाबून धरायचं. मध्ये उघडून बघायचं नाही. पट्टी चार-सहा तास राहू दे. त्या हाताने त्या दिवशी जड काही उचलू नकोस, बॅगसुद्धा दुसऱ्या खांद्यावर. निळं पडलंच तर पहिल्या दिवशी बर्फ, नंतर कोमट शेक. हिरवं-पिवळं होत दहा-बारा दिवसांत जातं. वाढत गेलं, हात सुजला किंवा बोटं बधिर राहिली तर रक्तपेढीला फोन.

आडवं राहायचं ते सांगतील तोवर, मग खुर्चीत निदान पंधरा मिनिटं. देतील ते खायचं आणि प्यायचं. पुढचे काही तास दुचाकी चालवायची नाही, कडक गरम पाण्याने आंघोळ नाही, जिम नाही, उन्हात रांगेत उभं राहायचं नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी दोन तास हात आवरायचा, दारू त्या दिवशी नाहीच. उशिरा येणारी भोवळ असते ती बहुधा अशाच वेळी गाठते.

रक्ताचं पुढे काय होतं, हे तू विचारलेलं नाहीस. बॅग रक्तपेढीत येते, जोरात फिरवून तिचे भाग वेगळे करतात. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये २ ते ६ अंशांना, द्रावणाप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट्सचं आयुष्य मात्र साधारण पाच दिवस, तेही २०-२४ अंशांना सतत हलत ठेवून. म्हणून एका शिबिरात पाचशे बॅगा मिळाल्या तरी पुढच्या महिन्यात केमोथेरपीवरच्या मुलाला त्यातली प्लेटलेट मिळत नाही. आम्हाला एका दिवशी आलेल्या गर्दीपेक्षा वर्षभर थोडेथोडे येणारे लोक हवे असतात. तू शनिवारी न देता टॅटूची मुदत संपल्यावर, एखाद्या मोकळ्या मंगळवारी एकटी रक्तपेढीत आलीस, तर माझ्या दृष्टीने ते जास्त चांगलं. तिथे गर्दी नसते, घाई नसते, आणि जिला चक्कर येऊ शकते तिच्याकडे बघायला सिस्टरला वेळ असतो.

शनिवारी ग्रुपबरोबर जा मात्र. सकाळी एक मोठी पाण्याची बाटली घेऊन जा आणि प्रत्येकाला आपापली वेळ येण्याआधी अर्धा लिटर प्यायला लाव. रक्त देऊन झालेल्यांच्या खुर्च्यांशेजारी बस. जो सगळ्यात आधी उठून 'मी एकदम ओके' म्हणेल त्याच्यावर नजर ठेव, जांभई दिसली की खांद्याला धरून खाली बसव. आणि घरी आल्यावर टॅटू काढला ती तारीख नीट शोधून फोनमध्ये लिहून ठेव. पुढच्या वेळी अर्जात ती विचारतील, आणि 'परीक्षेच्या आसपास' या उत्तराने काम भागत नाही.